खुर्चीचा नियम

सरांना सगळे सर म्हणत, कारण एके काळी त्यांचा टायपिंगचा क्लास होता. पुढे टाइपरायटर गेले, क्लासही गेला, सर तेवढे उरले. पण हा गडी हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतला नव्हता. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी कॉम्प्युटर शिकून घेतला, तोही उघडून, बिघडवून आणि पुन्हा जोडून. मग वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक क्लब काढला. दर शनिवारी संध्याकाळी आठ-दहा मंडळी जमायची. कुणाचा कॉम्प्युटर काम करता करता झोपी जायचा, कुणाचा प्रिंटर रुसायचा, कुणी नातवंडांचे फोटो कुठे ठेवले तेच विसरलेलं असायचं. ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला सांगायचं, अशी पद्धत. खरं सांगायचं तर यायचं ते सरांनाच, बाकीचे माना डोलवायचे.

क्लबाचा नियम एकच, आणि तोही सरांनीच घालून दिलेला. दुरुस्त करणाऱ्याने मालकाच्या खुर्चीत बसायचं आणि मालकाने बाजूच्या स्टुलावर. खुर्चीतला मालक काही गप्प राहत नाही हो, त्याचा हात सारखा माऊसकडे धावतो. तेव्हा उठा. सरांनी भल्याभल्यांना त्यांच्याच घरात असं स्टुलावर बसवलं होतं, आणि त्यात त्यांना मजा येत नव्हती असं कोण म्हणेल!

सरांची आणखी एक खोड होती, ती मात्र कुणाला ठाऊक नव्हती. काम संपलं की कॉम्प्युटरच्या डब्यामागचा एक काळा स्क्रू काढून त्या जागी ते आपल्या जुन्या टाइपरायटरमधला पितळी स्क्रू बसवायचे. तो जरा सैल पडायचा, मग कागदाचा कपटा घालून घट्ट करायचे. आसपासच्या कितीतरी घरांत, टेबलाखाली, भिंतीकडे तोंड करून तो पितळी ठिपका बसलेला होता. पैसे त्यांनी कधी कुणाकडून घेतले नाहीत. त्यांना हवं असायचं ते दार उघडताना कानावर पडणारं वाक्य: "आलात? बरं झालं बाई!" शिवणकाम करणाऱ्या मावशी तर हे वाक्य असं म्हणायच्या की सरांचा आठवडा चांगला जायचा. त्यांचा कुत्रा येऊन सरांच्या पावलांवर पसरायचा, आणि मावशी न विचारता बिनसाखरेचा चहा करायच्या. वर चेष्टाही करायच्या की सरांचा चहा म्हणजे निव्वळ औषध.

आणि मग क्लबात चष्म्याच्या बाई आल्या.

कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान होतं, तिथे त्या डोळ्यांचे नंबर काढायच्या. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या, आल्या कधी नि गेल्या कधी ते कळू न देणाऱ्या. पहिल्या दिवशी मागे बसून राहिल्या. त्या दिवशी टेबलावर कॅशियरकाकांचा कॉम्प्युटर होता. बँकेतून निवृत्त झालेले हे काका म्हणजे क्लबाचे विनोदवीर. त्यांचा प्रिंटर अर्धं पान छापून अडून बसायचा, आणि सर मागच्या शनिवारपासून त्याच्याशी झुंजत होते. तारा बदलून झाल्या, सगळं पुसून नव्याने घालून झालं, ढिम्म. तेव्हा बाईंनी विचारलं की मी बसून बघू का. नियम म्हणजे नियम. सर उठले.

बाई खुर्चीत बसल्या. हात मांडीवर. कशालाही हात लावला नाही. थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या, मग मान वळवून काकांकडे.

"आता कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय," काका म्हणाले. एरवी ह्या माणसाने दोन विनोद तरी मारले असते. प्रिंटरने सबंध पान बाहेर टाकलं, मग दुसरं, मग तिसरं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या, न वाजवून सांगतात कुणाला! पण घरी जाताना त्यांचा नुसता जळफळाट चालला होता. जिन्याच्या वळणावर रोजच्यासारखे थांबले, कारण डावा गुडघा तिथे आल्यावर कुरकुरायचा, आणि रोजच्यासारखा घसा खाकरला. तो आवाज ऐकला की वरती त्यांची बायको, म्हणजे साऱ्या क्लबाच्या वहिनी, चहाचं आधण ठेवायच्या. इतक्या वर्षांत त्यांना घड्याळ बघावं लागलं नव्हतं. चहा घेता घेता सरांनी बाईंबद्दल जे काही बोलून घेतलं ते ऐकून वहिनी हसल्या आणि म्हणाल्या की एवढं पोटात दुखायला काय झालं, चार हात मदतीला आले तर बरंच की. सरांना ते आणखी लागलं.

पुढच्या आठवड्यांत बाई घरोघर जाऊ लागल्या. जायच्या, खुर्चीत बसायच्या, तेवढं विचारायच्या, काम फत्ते. सरांना फोन येईनासे झाले. आधी त्यांना वाटलं, सुट्ट्यांचे दिवस आहेत. मग वाटलं, फोनच बिघडला असेल. शेवटी न राहवून ते आपणहून मावशींकडे गेले.

कुत्रा भुंकला. पाठीवरचे केस उभे करून, दात दाखवून, मावशींनी पट्टा धरून ओढेपर्यंत भुंकत राहिला. मावशी ओशाळल्या, म्हणाल्या की हा अनोळखी माणसाला असंच करतो. सर मनात म्हणाले, वा, म्हणजे आता कुत्र्यालाही शिकवलं! कॉम्प्युटर मजेत चालत होता. मावशींनी चहा दिला. त्यात चांगली दोन चमचे साखर होती. सरांनी तो मुकाट्याने प्यायला, आणि मावशी कात्री आणायला आत गेल्या तशी टेबलाखाली वाकून डब्यामागे बघितलं. चारही स्क्रू काळे होते. बरं, बाईंनी बदलले म्हणावं, तर त्यांच्यावर वर्षानुवर्षांची धूळ बसलेली. सरांनी त्या भोकाजवळ बोट फिरवलं. तिथे कधी काही वेगळं बसवलं होतं असं वाटत नव्हतं.

चार दिवसांनी कॅशियरकाका रस्त्यात भेटले. सरांनी हात केला. काका थबकले, सभ्यपणे हसले आणि म्हणाले, "माफ करा, आपण कुठे भेटलोय का?"

सर मोठ्याने हसले. काकांची सवय त्यांना ठाऊक होती, हा माणूस बँकेतही लोकांची अशीच फिरकी घ्यायचा. काका मात्र हसले नाहीत. घड्याळ बघितलं आणि निघून गेले. फुटपाथवर सर एकटेच हसत उभे होते.

इथे दुसरा कुणी घाबरला असता. पण पोटात मत्सर असला की भीतीला जागा राहत नाही. सरांच्या डोक्यात एकच बसलं: ही बाई माझ्याविरुद्ध माणसं फोडते आहे, सगळे मिळून मला उडवून लावताहेत. हिला एकदा तोंडावर पाडलं पाहिजे, आणि तेही माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. माझं नाव घेतील आयुष्यभर!

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी आपला कॉम्प्युटर उघडला. सरांचा स्वतःचा कॉम्प्युटर. तो आजवर कधी बिघडला नव्हता, त्यांच्या खुर्चीत दुसरं कुणी कधी बसलं नव्हतं. त्याच्या मागे चारही स्क्रू पितळी होते. त्यांनी ते काढले, आतली मेमरीची पट्टी खाचेतून उपसली आणि शर्टाच्या खिशात टाकली. ही बोटभर पट्टी नसेल तर कॉम्प्युटर उठतच नाही, नुसता बीप बीप करत बसतो. जगातला कुणी बाप तो नुसतं बघून सुरू करू शकत नाही. झाकण लावलं, स्क्रू पिळले आणि बाईंना फोन केला.

वहिनींना आधी खरंच वाटेना. तुमचा बिघडला? तुमचा? मग पाहुणी येणार म्हणून त्यांनी टेबलावरचा पसारा आवरला. बाई आल्या तशी दोघींची गट्टी जमली, हसणं-बिसणं सुरू झालं. सर दारातच उभे राहून बघत होते. ह्या घरात त्यांच्या विनोदांना एवढं हसू कधी मिळालं होतं, ते त्यांना आठवेना.

"बसू ना?" बाईंनी विचारलं.

नियम म्हणजे नियम. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, खुर्ची मागे ओढून दिली आणि स्टूल घेऊन कोपऱ्यात बसले. खुर्चीच्या गादीला त्यांच्या बसण्याचा खळगा पडलेला होता. बाई त्यात अशा बसल्या, जणू तो त्यांच्याच मापाचा होता.

बीप बीप चालू होतं. बाई बघत राहिल्या. सर खिशावरून हात फिरवत मनातल्या मनात हसत होते.

बीप थांबलं.

पडदा उजळला. सरांनी लावलेला फोटो वर आला, तळ्याकाठी ते आणि वहिनी.

बाईंनी मान वळवली. सरांकडे नाही. वहिनींकडे.

"आता कसं वाटतंय?"

वहिनींनी लांब श्वास घेतला. "बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "खूपच बरं वाटतंय."

सरांनी खिशात हात घातला. पट्टी होती. तिचे बारीक दात बोटांना टोचत होते. ते गुडघ्यांवर बसले, टेबलाखाली शिरले आणि डबा आपल्याकडे वळवला. चारही स्क्रू काळे. घाईघाईने ते काढून झाकण सरकवलं. आत पंखा गरगरत होता, आणि पट्टीची खाच रिकामी होती.

वर दोघी चहा पीत गप्पा मारत होत्या. सरांचा चहा तसाच गार झाला. बाई निघाल्या तेव्हा वहिनी नुसतं म्हणाल्या, "बाईंना कुणी खाली सोडून या बरं." सर चष्मा न घेताच मागोमाग गेले.

फाटकापाशी त्यांनी बाईंना गाठलं. आवाज क्लासातलाच निघाला. "तुम्ही नेमकं करता काय?"

"मी कुठे काय करते," बाई म्हणाल्या. "खुर्ची रिकामी करून देतात, मी बसते."

"पट्टी माझ्याकडे आहे. ती नसताना तो चालूच शकत नाही."

बाईंनी त्यांच्या खिशाकडे बघितलं, नंबर काढताना डोळ्यांत बघावं तसं, शांतपणे. "राहू द्या तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "त्यांना आता नाही लागणार."

सर उलटे फिरले आणि धापा टाकत जिना चढले. वळणावर थांबलेसुद्धा नाहीत.

दार लोटलेलं होतं, कुलूप बसलं होतं. किल्ली आत राहिली होती. त्यांनी घंटा वाजवली.

वहिनींनी दार उघडलं. चेहऱ्यावर हसू होतं. "या ना, बसा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सर दाराजवळच्या खुर्चीत टेकले. ही पाहुण्यांची खुर्ची, हे बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मावशींच्या चहातली साखर अजून जिभेवर असल्यासारखं वाटत होतं.

वहिनी चहा घेऊन आल्या. सरांनी कप तोंडाला लावला, भीत भीत एक घोट घेतला.

साखर नव्हती. जराही नव्हती.

सरांच्या जिवात जीव आला. काय हा वेडेपणा, किती दिवस मनाला लावून घेतलं आपण! आता हिला सगळं सांगून टाकायचं, पट्टी दाखवायची, हवं तेवढं हसू द्यायचं. उद्या बाईंची माफीसुद्धा मागू. त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

"बिनसाखरेचा आहे, चालेल ना तुम्हाला?" वहिनी म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा राहिला होता, तोच गरम केला. त्यांना ताजा करीन. बसा, येतीलच इतक्यात, क्लबातल्या एका बाईंना सोडायला गेलेत."

सरांनी आतल्या खोलीकडे मान वळवली.

तिथे पडदा उजळलेला होता. तळं दिसत होतं. वहिनींची साडी दिसत होती. शेजारी कोण उभं आहे ते इतक्या लांबून चष्म्याशिवाय दिसेना.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, डाव्या पायाला सांभाळत. वळणावर थांबली. कुणीतरी घसा खाकरला.

वहिनी उठल्या आणि आधण ठेवायला आत गेल्या.