एकोणीस टक्के जयमाला

पतमापन मंडळाच्या सांगलीतल्या ओळख-प्रयोगशाळेत यंत्राने कधी कोणावर आरोप केला नव्हता. ते फक्त आकडा दाखवी, आरोप माणसे करत. त्या सकाळी पडद्यावर एकोणीस टक्के हा आकडा होता आणि डॉ. मृण्मयी हुद्दार हाताची घडी घालून त्याच्याकडे पाहत उभ्या होत्या. यंत्र त्यांनीच घडवले होते. आपल्या पोराचा अभिमान असलेल्या आईसारखा त्यांचा त्याच्यावर विश्वास होता, म्हणजे थोडा जास्तच.

"जयमाला मगदूम," त्या म्हणाल्या. "अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सव्वा वर्षापासून दिव्यांग निर्वाह भत्ता घेतात. फेरतपासणीत त्यांचा व्यवहारठसा त्यांच्याच जुन्या ठशाशी एकोणीस टक्के जुळला. ऐंशी लागतात. आणि हे पाहा, त्यांच्या जावेच्या ठशाशी मात्र त्र्याण्णव टक्के जुळतो."

समोर बसले होते मिरजेचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. फिरोज शिकलगार. दिव्यांग व्यक्तीला तोतया ठरवायचे तर अहवालावर एका वैद्याची सही लागे, म्हणून त्यांना बोलावले होते. सही करायची घाई त्यांना मुळीच दिसत नव्हती.

"मला आधी हा ठसा समजावून सांगा," ते म्हणाले. "माझ्या धंद्यात ठसा म्हणजे शाईचा."

"तो आता कुचकामी आहे. चेहरा, आवाज, बोटे, सगळ्यांची नक्कल होते. बोटावर चढवायची कातडी बाजारात मिळते. जनुकांची नोंद ठेवायला कायद्याने मनाई. मग माणसाकडे चोरता न येणारे काय उरले? सवयी." डॉ. हुद्दारांचा आवाज खुलला. "कर्ज कोणाला द्यावे हे ठरवायला बँका पूर्वीपासून आपले व्यवहार तपासतच होत्या. आम्ही त्याच नोंदींकडे वेगळ्या नजरेने पाहिले. तुम्ही दूध कुठून घेता, विजेचे बिल मुदतीच्या किती आधी भरता, हप्ता चुकला तर पुढच्या महिन्यात काय आवरते घेता, मीठ संपल्यावर आणता की संपायच्या आधी. अशा हजारो बारीक गोष्टींची मिळून जी वीण होते तो व्यवहारठसा. दोन परक्या माणसांत ती चार टक्क्यांपेक्षा जास्त जुळत नाही. जुळी भावंडेसुद्धा वेगळी निघतात."

"आणि ज्याचा जुळत नाही तो तोतया."

"त्याच्या खात्यावर दुसरेच कोणी बसलेले असते, इतकेच यंत्र सांगते. पुढचे कायदा सांगतो."

कायदा बरेच काही सांगत होता. अहवालावर दोन सह्या पडल्या की भत्ता बंद, त्या भत्त्यातून चाललेले वाचा-उपचार बंद, जाऊबाई पोलिसांच्या ताब्यात, आणि खऱ्या जयमाला मगदूम सरकारी भाषेत 'ठावठिकाणा अज्ञात'. मग खुर्चीत बसलेल्या बाई कोण, याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. डॉ. हुद्दारांना त्याचीच रुखरुख होती. पण आकडा तर समोर होता.

दार उघडले आणि चाकाची खुर्ची ढकलत सुरेखा मगदूम आत आल्या. साठीच्या, आडव्या बांध्याच्या, पदर खोचलेला. खुर्चीत जयमाला होत्या. केस चापूनचोपून बसवलेले, उजवा हात मांडीवर निपचित, डोळे मात्र खोलीचा कानाकोपरा तपासत होते.

"ह्याच जयमाला?" डॉ. हुद्दारांनी विचारले.

"न्हाईतर काय मी शेजारीण धरून आणली?" सुरेखाबाई म्हणाल्या. "मॅडम, रागावू नगा. पण चार वेळा नोटीस आली, 'ओळख पटवून द्या' म्हणून. हिची वळख मला इचारा की! तीस वर्षं एका घरात काढल्यात. त्यातली वीस भांडण्यात."

डॉ. शिकलगार हसले. "एका घरात, म्हणजे एकत्र?"

"छे! चूल वेगळी. माझी खालती, हिची माडीवर. दोघी दोन भावांच्या बायका. सासूबाई असतानाच वाटणी झाली. हिची खानावळ होती, पोरांना डबे द्यायची. नवरा गेला, लेक परदेशात, मग ही आजारली. मी म्हणलं, मी बघते. पण आमच्यात एक हाय, वेगळी चूल म्हणजे वेगळी. हिच्या तोंडात जाणारा घास हिच्याच पैशातनं. उद्या भावबंदांनी म्हणायला नको, सुरेखानं जावंचं खाल्लं. म्हणून सामान मीच आणते, पण हिचं हिच्या खात्यावर, माझं माझ्या."

डॉ. हुद्दारांनी पडद्याकडे पाहिले. त्र्याण्णव टक्के. एकाच बाईने दोन चुली चालवल्या, आणि हिशेब चोख राहावा म्हणून दोन खात्यांवर चालवल्या. सगळे एकाच खात्यावर घेतले असते तर जयमालाबाईंचा ठसा नुसता पुसट झाला असता. बाईंच्या प्रामाणिकपणानेच घात केला होता.

"हे खरे असेलही," त्या जड आवाजात म्हणाल्या. "पण एखादी लबाड बाई अगदी हेच सांगेल. यंत्राला दोन्ही सारखेच दिसणार."

"मला एक दाखवा," डॉ. शिकलगार पुढे सरकले. "हा ठसा बिघडला कधी? हळूहळू, की एकदम?"

पडद्यावर रेषा उमटली. वर्षानुवर्षे जवळजवळ सपाट, आणि मग सरळ खाली कोसळलेली.

"हा दिवस मला पाठ आहे," ते म्हणाले. "ह्याच दिवशी त्यांना माझ्याकडे आणले होते. सवय राहते कुठे, मॅडम? मेंदूत. आणि मेंदूच्या हुकमात चालणाऱ्या हातापायांत. मेंदूची एक रक्तवाहिनी बंद पडली की सवयीही बंद पडतात. ज्या बाईला जिना उतरता येत नाही, ती त्याच दुकानात कशी जाणार? भत्ता कोणाला मिळतो? जे पूर्वीसारखे राहिले नाहीत त्यांना. आणि तुम्ही त्यांना विचारताय, पूर्वीसारखेच आहात ना, तरच देऊ!"

डॉ. हुद्दारांच्या कानशिले तापली. इतकी साधी गोष्ट इतक्या बैठकांत एकाच्याही ध्यानात आली नव्हती, आणि त्या बैठकांना त्या स्वतःही हजर होत्या.

पण त्या गणितज्ञ होत्या आणि गणितज्ञ लाजला तरी शंका सोडत नाही. "मान्य. रेषा कोसळणे हा गुन्ह्याचा पुरावा नाही. पण निर्दोषपणाचाही नाही. ठसा आजारामुळे तुटला असेल, किंवा आजाराचा फायदा घेऊन कोणी खात्यावर बसले असेल. तुम्ही यांना ओळखत असाल, पण चेहऱ्याची नक्कल होते, ती साक्ष चालत नाही. माझ्यापुढे बसलेली बाई जिवंत आहे एवढे दिसते. ती जयमाला आहे, तिच्या खात्यावर तिचीच मर्जी चालते, हे कशावरून?"

"हिची मर्जी?" सुरेखाबाई उसळल्या. "अवो, हिच्या मर्जीनं माझा जीव खाल्लाय! वाचा गेली पण तोरा न्हाई गेला. गूळ आणला, तोंड मिटून बसली. का, तर पिवळा हाय. काळपट आणला तवा खाल्ला. गुलाबाच्या वासाचा साबण आणला, डाव्या हातानं मोरीत भिरकावला. डाळ आणली तर बोटानं चाचपून ताट सारलं. रोज उठून दुकानात जायचं आणि परत करायचं. मला मेलीला लाज वाटती. मी माझ्या जन्मात वाण्याला काय परत केलं न्हाई, सडकं निघालं तरी गपगुमान शिजवते. हिच्यापायी दुकानदार मला बघून शटर वढायला लागलाय!"

जयमालाबाईंनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिले. त्यांना ओशाळल्यासारखे मुळीच वाटत नसावे.

डॉ. हुद्दार मात्र झटकन पडद्याकडे वळल्या होत्या. "परत? परत केलेल्या मालाची नोंद आम्ही काढूनच टाकतो."

"का?" डॉ. शिकलगारांनी विचारले.

"घेतले आणि परत दिले, म्हणजे व्यवहार झालाच नाही. शून्य. शून्याला ठसा कसला? ठसा काढायच्या आधी आम्ही तो कचरा झाडून टाकतो." बोलता बोलताच त्यांची बोटे चालू लागली होती. "पण परक्या माणसांत चार टक्के जुळते म्हटले ना मी. जावेने सगळेच स्वतःच्या मनाने आणले असते तर इथे चार दिसायला हवे होते. एकोणीस कुठून आले? वरचे पंधरा कोणाचे?"

मूळ नोंदी उघडल्या. न झाडलेल्या. आजारानंतरची प्रत्येक परतपावती एका बाजूला आली, आणि दुसऱ्या बाजूला आजाराआधीच्या वीस वर्षांतल्या, खानावळीच्या काळातल्या. जयमालाबाईंनी तेव्हा अख्ख्या बाजारपेठेला जेरीस आणलेले दिसत होते. पिवळा गूळ परत. पॉलिश केलेली डाळ परत. वासाचा साबण परत, वासाचे तेल परत, वासाचा तांदूळसुद्धा परत. सुरेखाबाईंच्या खात्यावर या रकान्यात एकही नोंद नव्हती.

"डॉक्टर, पाहा. सुरेखाबाई आणतात ते सुरेखाबाईंच्या सवयीने. जयमालाबाई ते नाकारतात ते स्वतःच्या सवयीने. बदलून आलेला माल घरात राहतो, आणि तेच ते वरचे पंधरा टक्के. चोर कशाला परत करेल? चोराला गूळ पिवळा असला काय नि काळा असला काय!"

"आणि वैद्यकीय दृष्ट्याही ते बसते," डॉ. शिकलगार म्हणाले. "हवे ते मिळवायला पाय लागतात, हात लागतात, बोलावे लागते. नको म्हणायला नुसते तोंड फिरवले तरी पुरते. माणसाचे सगळे गेले तरी हे सगळ्यात शेवटी जाते. लहान मूलही आधी तेच शिकते."

डॉ. हुद्दारांनी नुसत्या नकारांचा ठसा काढायला यंत्राला सांगितले. नाव त्यांनी तिथल्या तिथे ठेवले, नकारठसा. यंत्र थोडे घुटमळले, ज्या कचऱ्याकडे पाहायचे नाही असे त्याला शिकवले होते त्यातच त्याला आता शोधायचे होते. मग पडद्यावर आकडा आला.

सत्त्याण्णव टक्के.

डॉ. हुद्दार खुर्चीत बसल्या. सकाळपासून छातीवर बसलेले ओझे उतरले होते. चष्मा पुसायच्या निमित्ताने त्यांनी डोळेही पुसले. आपण चुकलो याचा इतका आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता.

"म्हंजे काय झालं?" सुरेखाबाईंनी धास्तावून विचारले.

"म्हणजे ह्या जयमालाबाईच आहेत. भत्ता चालू राहील, उपचारही. तुमच्यावर काही बालंट नाही."

सुरेखाबाईंनी मटकन शेजारच्या स्टुलावर बसकण मारली. "सुटले गं बाई," त्या म्हणाल्या. पहिल्या नोटिशीपासून धरून ठेवलेला श्वास त्यांनी सोडला. "झोप न्हवती मला. तुरुंगाचं न्हाई हो वाटलं. मी आत गेले तर हिला भरवणार कोण, हिचे नखरे कोण सोसणार?"

डॉ. हुद्दारांनी जुना अहवाल रद्द केला. मग अडवून ठेवलेली सगळी प्रकरणे नव्याने, परतनोंदींसकट तपासायचा हुकूम दिला. सहाय्यकांना त्यांनी बजावले की आजपासून कचरा म्हणून काहीही झाडायचे असेल तर आधी त्यांना विचारायचे. डॉ. शिकलगारांनी नव्या अहवालावर लगेच सही ठोकली. आता डॉ. हुद्दारांची तेवढी बाकी होती.

सही करता करता त्या थांबल्या. झाल्या प्रकाराची थोडी भरपाई करावी असे त्यांना मनापासून वाटत होते.

"सुरेखाबाई, पुढच्या फेरतपासणीला पुन्हा त्रास नको. एक सोपा मार्ग आहे. दोघींची खाती जोडून टाकू. भत्ता तुमच्याकडे येईल, सामान एकत्रच घ्या. काळजीवाहक म्हणून तुमचे नाव लागले की यंत्र वेगळा ठसा मागणारच नाही. नियमात बसते."

"जोडा की," सुरेखाबाई ओल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "आता ह्या वयात कसली वेगळी चूल घिऊन बसायचं? जोडा, एकदाची कटकट मिटंल."

खुर्चीच्या हातावर थाप पडली. जयमालाबाईंचा डावा हात होता तो. सगळ्यांनी वळून पाहिले. त्यांची मान ताठ झाली होती, ओठ वेडेवाकडे होत होते, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. डॉ. शिकलगार झटकन उठले, पण जवळ न जाता तिथेच थांबले.

"न..." जयमालाबाई म्हणाल्या. मग दम घेतला. "नको."

सुरेखाबाईंचा हात तोंडावर गेला. "काय म्हणालीस?"

"नको," जयमालाबाईंनी पुन्हा सांगितले. या खेपेला स्वच्छ, खणखणीत, वाण्याला बजावतात तसे.

सुरेखाबाईंनी पदर तोंडात कोंबला तरी हुंदका बाहेर आलाच. त्या रडत होत्या, मधूनच हसत होत्या आणि जावेचे निपचित बोट आपल्या दोन्ही हातांत धरून दाबत होत्या. "सव्वा वर्षानं तोंड उघडलं बाईनं, आणि ते बी माझ्याशी भांडायला!" मग त्यांनी डोळे पुसले आणि डॉ. हुद्दारांकडे वळल्या.

"मॅडम, ते तुमचं यंत्र बंद करा आता आणि टाका सही. हीच ती."