साचेखात्याला एक बदली

सुमित, उद्या तुझे पुन्याचे दोस्त येनार म्हन की. मग फिरीव त्यांला, पन माझ्या पद्धतीनं. सकाळी ऊन तापायच्या आधी कंबर तलाव, मग किल्ला. दुपारी कडक भाकरी, शेंगाचटनी, वरनं तेल. चमचा मागितला तर ताटावरनं उठीव. संध्याकाळी पेठंत ने, तितं अजून घराघरात माग वाजत्यात. चादर हाताला लागू दे त्यांच्या. मिलची चिमनी लांबनं दाखीव, फोटो काढू दे. पन गेटावर गेलास तर तितं एक खेळ खेळायचा न्हाय.

हसतीस काय गं ऋतुजा? तो मोबाईल खाली ठेव. ह्या उकाड्यात गच्चीवर कुनाला झोप लागनार हाय? ऐका.

माझा दोस्त शिवयोगी. मी आन् त्यो एकाच मिलमधी, साचेखात्यात, म्हंजे मागावर. मिलचं नाव घेत न्हाय. एका रातपाळीला आमी गेलो तर गेटाला कुलूप. वॉचमन म्हनला, उद्या या. त्यो उद्या काय आलाच न्हाय. पंचवीस वर्षं झाली. शिवयोगीनं धा धंदे केले आन् शेवटी पावन्यांना सोलापूर दाखवायला लागला. लई भारी दाखवायचा बेटा! बोलायला लागला की लोक चहा प्यायचे इसरायचे.

त्याचा एक खेळ व्हता. मिल चालू व्हती तवा कायम मानूस आला न्हाय, की त्याच्या मागावर बदली घ्यायचे. गेटावर पोरं ताटकळत उभी असायची. जॉबर, म्हंजे खात्याचा मुकादम, बाहेर यून वरडायचा, "साचेखातं, एक बदली! कोन हाय?" जो पयला 'मी' म्हनंल त्यो आत. आन् कायमवाला परत येईपर्यंत त्या मागाला त्योच. शिवयोगी त्या गेटावर जॉबरवानी वरडायचा, पावने हात वर करायचे, हसायचे. शेकड्यानं लोकांनी केलं, कुनाला काय झालं न्हाय. पन ते समदं दिवसाचं.

बारा डिसेंबर, गुरुवार. मागचाच डिसेंबर. त्याची पोरगी रुद्राणी मायेरी आलेली, पाचवा महिना. जावई अमरेश, अक्कलकोटकडचा, चिंचोळी एमआयडीसीत मशीनवर कामाला. लई गुनी पोरगं. जेवनं झाल्यावर रुद्राणीला पाव-चटनी खाऊ वाटली. डोहाळे पुरवायला सासरा-जावई निघाले. पाव-चटनी बांधून घेतली आन् येताना शिवयोगीला काय ऱ्हावेना. म्हनला, "जावईबापू, पाच मिनिटं. माझी मिल बघून जाऊ."

गेटाच्या जागी आता विटांची भिंत हाय. साडेअकरा वाजलेले. आमच्या रातपाळीचा टाइम. त्याच्या ध्यानातच आलं न्हाय. तोंडाला हात लावून वरडला, "साचेखातं, एक बदली! कोन हाय?"

अमरेशनं हसत हात वर केला. "मी येतो की मामा!"

भिंतीमागनं आवाज आला. हजेरीच्या वहीत पेन्सिल वढल्यासारखा. बास, येवढाच. दोघं घरी आले. रुद्राणीनं पाव-चटनी खाल्ली.

शुक्रवारी रात्री साडेअकराला अमरेश झोपेतनं उठला. भिंतीकडं तोंड करून उभा ऱ्हायला. डोळे उघडे. हात हालत व्हते. पुढं, मागं... काय तरी वढायचं, गाठ मारायची, सोडायचं. रुद्राणीनं हाका मारल्या. शिवयोगीनं खांदे धरून हालवलं. ढिम्म न्हाय. सकाळी सातला हात थांबले आन् पोरगं जागच्या जागी खाली बसलं. इच्चारलं तर म्हनतं, "झोपलो व्हतो की. खांदे तेवढे दुकत्यात."

मग रोजच. डॉक्टरनं झोपंच्या गोळ्या दिल्या, तर गोळी खाऊन पडला आन् झोपेतच उठला. बोटं चिरली. गालफडं बसली. त्यात रजा शिल्लक न्हाय म्हनून दिवसा कामाला जायचा. एक दिवस मशीनसमोर डुलकी लागली, शेजारच्यानं कॉलर धरून वढला म्हनून हात वाचला. रुद्राणी बापाच्या गळ्यात पडून रडायची, "अण्णा, ह्यांना काय झालंय वो?" त्यानं काय सांगावं तिला? सांगा.

सत्तावीस तारखंला त्यो माझ्या घरी आला. म्हनला, "आप्पा, पोरगं गाठ डाव्या हातानं मारतंय. मधल्या बोटावर."

शिवयोगीचं उजव्या हाताचं बोट मागात गेलेलं, म्हनून तुटल्या सुताला अशी गाठ अख्ख्या खात्यात त्यो एकटा मारायचा.

"माझ्या मागावर उभं हाय ते," म्हनला. "मी ना राजीनामा दिला, ना रजेचा अर्ज. पंचवीस वर्षं गैरहजर मीच हाय. आता एक तर दुसरा कुनी बदली जायला पायजे... न्हायतर मी."

आन् माझ्याकडं बघितलं त्यानं.

मी खाली बघितलं. लेकरांनो, मी खाली बघितलं. खोटं कशाला सांगू? भ्यालो मी.

त्यो उठला. घरी जाऊन आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. रात्री मी त्याच्यासंगं गेलो. तेवढं तरी करावं म्हनून.

साडेअकरा.

भिंतीसमोर उभा ऱ्हायला. जॉबरवानी न्हाय वरडला. हळू म्हनला, "साचेखातं. रातपाळी. नंबर चारशे सतरा, शिवयोगी... हजर."

काय न्हाय...

मग पेन्सिल.

त्यो भिंतीला पाठ लावून खाली बसला. मी म्हनलं, चल घरी. बोलला न्हाय. त्याचा फोन वाजला. परत वाजला... मीच उचलला. रुद्राणी. हसत व्हती, रडत व्हती. "अण्णा, ह्यांचे हात थांबले! झोपले बघा! घोरत्यात! अण्णा... ऐकताय न्हवं?"

मी फोन तसाच बंद केला.

रिक्षात घालून दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हनला, अर्धा तास झाला जाऊन. घरी आनून निजवला. डिसेंबरची थंडी, आमी शाली गुंडाळलेल्या. आन् त्याच्या कपाळावर घाम. साचेखात्यात थंडीतबी असाच घाम फुटायचा, तितं सुतासाठी वाफ सोडायचे. मी टावेल घेतला, पुसला. परत आला. परत पुसला. रात्रभर... अंग गरम. सकाळी सातला घाम थांबला. मग अंग गार पडलं.

दुपारी माती दिली. अमरेश बरा हाय, त्याला काय म्हायीत न्हाय. एप्रिलात पोरगी झाली रुद्राणीला. बारशाला जाऊन आलो. तिच्या डोळ्याला डोळा देता आला न्हाय मला.

त्यो टावेल मी घरी आनला. धुतला, दोरीवर घातला. जानेवारी गेला, होळी गेली. आता मे चाललाय, पारा पंचेचाळीसला. तुमच्या चड्ड्या अर्ध्या तासात कडकडीत वाळत्यात की न्हाय?

तितं, टाकीमागच्या दोरीवर हाय बघ. जा सुमित. हात लाव.

...अजून ओला हाय न्हवं?