धूळ बाहेर, आवाज आत

दोन कागद माझ्यासमोर होते आणि त्यातला एक नक्की खोटं बोलत होता. कोणता, तेच कळत नव्हतं.

एक कागद मी उघड्या ट्रॅक्टरवर, आईच्या सीटच्या पाठीला चिकटवला होता. दुसरा काचेच्या केबिनवाल्या ट्रॅक्टरमध्ये, अगदी त्याच जागी. दोन्हींवर खोबरेल तेलाचा हात फिरवला होता, म्हणजे उडती धूळ येऊन चिकटावी. आईने दोन्ही ट्रॅक्टर एकाच रानात दोन-दोन तास चालवले. उघड्यावरचा कागद राखाडी झाला, ते ठीक. पण केबिनमधला पार काळा! आता मला सांगा, छत्री घेतलेला माणूस बिनछत्रीवाल्यापेक्षा जास्त भिजतो का?

मी गार्गी, वय अकरा. मला राग लवकर येतो असं घरात सगळे म्हणतात, आणि ते ऐकून मला आणखी राग येतो. पण त्या दिवशी रागाला कारण होतं. आमच्या गावच्या अवजार केंद्राचा ट्रॅक्टर माझी आई चालवते. हिंगोलीकडची आमची काळी माती उन्हाळ्यात मैद्यासारखी उडते. दहा वर्षं ती माती आईच्या छातीत जात होती. तिचा खोकला थांबेना आणि श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा हंगाम धुळीत गेला तर पुढच्या हंगामाला स्टिअरिंग सोडावं लागेल. आईने ते नुसतं ऐकून घेतलं. ट्रॅक्टर सोडायचा म्हणजे आईने आई असणं सोडण्यासारखंच होतं.

केंद्राला नवा ट्रॅक्टर घ्यायचाच होता. म्हणून विजेवर चालणारे दोन ट्रॅक्टर चार दिवसांसाठी पारखायला आले. एक उघडा, डोक्यावर फक्त सुरक्षा कमान (ट्रॅक्टर उलटला तरी बसणाऱ्यावर त्याचं वजन येऊ नये म्हणून लावलेली जाड लोखंडी चौकट). दुसरा बंद केबिनचा, आत गारवा, मऊ सीट आणि शेजारी शिकाऊसाठी छोटी बैठक. रविवारी संध्याकाळी एक ठेवायचा, एक परत पाठवायचा. गावात प्रत्येकाचं मत वेगळं. केबिन आंब्याच्या फांद्यांना अडकेल, असं कुणी म्हणालं. उघड्यावरून पटकन चढता-उतरता येतं, चारी बाजूंचं दिसतं, असं दुसरं कुणी. कागदाची युक्ती माझी होती. केबिनमधला कागद पांढरा निघेल, वाद मिटेल आणि आईची छाती वाचेल, असा माझा साधा हिशेब.

आणि झालं भलतंच. दोन्ही कागद बघून आई खोकली आणि म्हणाली की बघ, तुझ्याच कागदाने सांगितलं, आपला उघडाच बरा. तिला पहिल्यापासून उघडाच आवडायचा. म्हणजे माझ्याच प्रयोगाने माझ्याच आईला धुळीत ढकललं होतं. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला जास्तच राग येतो.

ट्रॅक्टरांबरोबर बारकू आला होता. बारकू म्हणजे गुडघ्याएवढा, तीन चाकांचा सल्लागार रोबो (माहिती गोळा करून सल्ला देणारं यंत्र). मी त्याला विचारलं, कोणता ट्रॅक्टर घ्यायचा? तो म्हणाला, बंद. मी त्याला कागद दाखवले. तो म्हणाला, उघडा. मग त्याचा निळा दिवा लुकलुकत राहिला आणि तो म्हणाला, “बाई, माहिती जुळत नाही.” एवढं तर मलाही कळत होतं. त्यासाठी रोबो कशाला पाहिजे?

शेवटी मी तेजूमावशीकडे गेले. ती बांधावर लिंबाखाली लोखंडी खाटेवर बसली होती. मावशी आईची धाकटी बहीण. दोन वर्षं ती चंद्रावरच्या तळावर खोदकाम करणारी यंत्रं सांभाळत होती आणि नुकतीच परत आली होती. चंद्रावर माणसाचं वजन इथल्या वजनाच्या साधारण सहावा हिस्सा भरतं. त्यामुळे तिचे पाय इथलं वजन उचलायचं विसरले होते आणि ती काठी टेकत चालायची. दोन वर्षं बंद डब्यासारख्या तळात काढल्यामुळे तिला स्वतःला उघडा ट्रॅक्टर फार आवडला होता, म्हणून मी आधी तिच्याकडे गेलेच नव्हते.

मावशीने कागद उलटसुलट करून बघितले. “कागद खोटं बोलत नाहीत गं,” ती म्हणाली. “केबिन खरंच बंद होती का, ते बघून ये.”

आईला विचारलं तर ती म्हणाली, बंदच होती की. बारकूनेही तीच नोंद केली होती. पण केबिनमध्ये शिरून बघितलं तर मागच्या काचेच्या चौकटीत मातीचा जाड थर, आणि तोही फक्त एका कडेला. मी आईला हात धरून तिथे नेलं. तेव्हा ती जरा ओशाळली. “दोन बोटं किलकिली ठेवली होती,” ती म्हणाली. “त्याला काय उघडी म्हणतात होय?”

बारकूने लगेच कळवलं की त्याच्या तक्त्यात ‘दोन बोटं’ असा रकाना नाही.

मला हसूही येईना. पण एक गोष्ट तरीही डोक्यात शिरत नव्हती. दोन बोटांच्या फटीतून सगळ्या उघड्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त धूळ आत येईलच कशी? मावशीने मला घरातून उदबत्ती आणायला लावली. ती स्वतः खाटेवरून हलली नाही, हुकूम सोडत राहिली. आईने केबिनवाला ट्रॅक्टर सावकाश चालवायचा आणि मी शेजारच्या बैठकीवर बसून मागच्या फटीजवळ उदबत्ती धरायची.

पहिल्या फेरीला पंख्याचं बटण ‘आतली हवा’ या खुणेवर होतं, कारण त्याने गारवा टिकतो आणि आईने पहिल्यापासून तसंच ठेवलं होतं. धूर फटीपासून सरळ माझ्या तोंडावर आला. म्हणजे बाहेरची हवा आत घुसत होती. दुसऱ्या फेरीला आम्ही बटण ‘बाहेरची हवा’ वर फिरवलं. आता धूर गोंधळला, कधी आत, कधी बाहेर. तिसऱ्या फेरीला काच पूर्ण लावली. मागच्या भिंतीत वायरी नेण्यासाठी रबरी ओठांचं एक छोटं भोक होतं, तिथे मी उदबत्ती धरली. धूर सुतासारखा सरळ भोकातून बाहेर गेला, एकदाही मागे वळला नाही.

मावशीने विचारलं, शाळा सुटल्यावर कधी डबा विसरला म्हणून परत आत जायचा प्रयत्न केलायस का? केला होता. फाटकातून सगळी पोरं बाहेर लोटतात आणि आपण भिंतीला चिकटून राहतो. मावशी म्हणाली, हेच ते. बटण ‘बाहेरची हवा’ वर असलं की पंखा बाहेरची हवा गाळणीतून (धूळ अडवणाऱ्या घड्यांच्या कागदातून) ओढून आत भरतो. आत हवेची गर्दी होते. या गर्दीच्या रेट्याला दाब म्हणायचं. जिथे दाब जास्त तिथून हवा जिथे दाब कमी तिकडे धावते. मग केबिनला कुठे बारीक फट असली तरी तिच्यातून हवा बाहेरच पडणार, आणि धुळीला तिच्या उलट आत येता येत नाही.

“आणि दोन बोटं उघडी असली की?” मी विचारलं.

एवढं मोठं फाटक असलं तर गर्दी जमेलच कशाला, ती म्हणाली. आणि पंखा आतलीच हवा फिरवत असला तर रेटा मुळातच नाही. धावत्या ट्रॅक्टरमागे उठणारी धूळ फटीतून आत येते. उघड्या ट्रॅक्टरवर आलेली धूळ वारा घेऊन तरी जातो. डब्यातली कुठे जाणार? पंखा तीच तीच धूळ आईच्या नाकासमोर फिरवत राहतो. म्हणून कागद काळा.

बारकूचा दिवा लख्ख हिरवा झाला. माझाही जीव भांड्यात पडला. आईने काच पूर्ण लावली, मी नवा कागद चिकटवला, आणि ती रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं, फिरत्या पात्यांचं अवजार) घेऊन रानात गेली.

तासाभराने ती परत आली. कागद जवळजवळ पांढरा होता. पण आईचा चेहरा उतरला होता. रोटाव्हेटरचं एक पातं गायब होतं, बोल्ट ढिला होऊन कुठेतरी मातीत पडलेलं. एरवी बोल्ट ढिला होऊ लागला की तिला आवाजावरून आधीच कळायचं. काच किलकिली ठेवायची ती त्याचसाठी. आत बसून तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

“बहिरी झाल्यासारखं वाटतं गं,” आई म्हणाली. “असलं काम मला नाही जमायचं. तो उघडाच राहू दे.”

बारकूचा दिवा पुन्हा निळा. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. धूळ हवेतून येते, आवाजही हवेतूनच येतो. एकाला काच लावली की दुसरा अडलाच. काच उघडावी तर छाती जाते, लावावी तर कान जातात. मी मावशीवर ओरडलेच, की तुझ्या चंद्रावर बरं असेल, सगळे बंद डब्यात बसून यंत्राचे आवाज ऐकत असतील.

मावशी रागावली नाही. ती म्हणाली की चंद्रावर हवाच नाही, त्यामुळे बाहेर यंत्र फुटलं तरी कानाला काही ऐकू येत नाही. मग यंत्र बिघडलं हे कळतं कसं, असं मी विचारलं. ती मला म्हणाली, खाटेच्या त्या टोकाला जा. या टोकाला तिने लोखंडी नळीवर नख घासलं. मला काही ऐकू आलं नाही. मग तिने मला नळीला कान लावायला सांगितलं. पुन्हा नख घासलं आणि कानात खर्रर्र झालं, कुणी कानाशीच घासावं तसं.

मी कान उचलला, पुन्हा टेकला. मग नुसता तळवा ठेवला आणि तिला काठीने नळी ठोकायला सांगितली. आवाज तळव्याला टोचला. मी तशीच बसून राहिले. आवाज म्हणजे थरथर, आणि थरथर लोखंडातून हवेपेक्षा चांगली जाते. धूळ मात्र लोखंडातून जाऊ शकत नाही.

“मावशी, लोखंडाला काच लावावी लागत नाही,” मी म्हणाले. बोलल्यावर मलाच ते वेड्यासारखं वाटलं, पण मावशीने काठी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. तिथे आम्ही यंत्राला हात लावूनच ऐकतो, ती म्हणाली.

केबिन रबरी गुट्ट्यांवर बसवलेली असते, थरथर आत येऊ नये म्हणून. त्यामुळे केबिनला हात लावून उपयोग नव्हता. आईने ट्रॅक्टर बंद केला, चावी काढून खिशात टाकली आणि हातभर लोखंडी गज, रोटाव्हेटर जोडतात त्या बाजूच्या मागच्या धुऱ्याच्या (चाकांच्या आसाच्या) खोक्याला फिरत्या भागांपासून दूर पक्का कसला. दुसरं टोक रबरी ओठांच्या भोकातून आत घेतलं, थेट सीटच्या डाव्या हाताशी. रबर गजाला घट्ट बिलगलं. पंखा चालू करून उदबत्ती धरून बघितली, धूर आत येईना.

रोटाव्हेटरला नवं पातं बसवलं. मी बारकूला आईकडून एक परवानगी घ्यायला लावली. पात्यांचा एक बोल्ट आम्ही ढिला ठेवायचा, फक्त हाताने आवळून. कुठला, ते आईला माहीत नसेल. आईने होकार दिला, पण तिचं तोंड वाकडंच होतं.

ट्रॅक्टर रानात शिरला. काच बंद, पंखा ‘बाहेरची हवा’ वर, आईचा डावा हात गजावर. आम्ही बांधावर. पहिली फेरी झाली, काही नाही. दुसरी झाली, काही नाही. मी नखं खाऊ लागले. आज रविवार, संध्याकाळी बारकू एक ट्रॅक्टर घेऊन जाणार, आणि तो हाच असेल असं वाटायला लागलं. तिसऱ्या फेरीच्या मध्यावर, ऐन सरळ ओळीत, ट्रॅक्टर थांबला.

आई खाली उतरली. तिने चावी खिशात टाकली, मागे गेली, वाकली आणि कडेचं तिसरं पातं धरून हलवलं. मग हात वर करून आम्हाला दाखवला. अख्ख्या रोटाव्हेटरमधलं आम्ही ढिलं ठेवलेलं तेच पातं होतं.

“हे ठोका देत होतं,” ती लांबूनच म्हणाली. “कानाला कळायचं त्याच्याही आधी कळलं मला.”

कागद पांढरा होता. आईने तो कागद माझ्याकडून मागून घेतला आणि घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. मला तेव्हा खरंच रडू आलं, आणि पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही.

उघडा ट्रॅक्टर परत गेला. त्याच्यात खोट काही नव्हती. ओल्या रानाला, झाडाखालच्या कामाला तो झकास होता, पण आमच्या धुळीला आणि आईच्या छातीला तो चालणारा नव्हता. जाण्याआधी मावशीने हट्ट धरून तो रस्त्यापर्यंत स्वतः चालवला. तोंडावर वारा घेत, अंगभर माती लावून घेत ती परत आली आणि म्हणाली, आता मी दोन वर्षं पुन्हा डब्यात बसू शकते. बारकूने जाताना आपल्या तक्त्यात ‘दोन बोटं’ हा रकाना घातल्याचं मला आवर्जून सांगितलं.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी आईला फुंकायच्या यंत्रात फुंकायला लावलं. आतला चेंडू वरच्या रेघेला टेकला. शिट्टी पूर्ण गेली नव्हती, पण कमी झाली होती. डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध घेता? आई म्हणाली, काच लावते, पूर्ण.

मावशी आता पुन्हा चंद्रावर आहे. तिथल्या नव्या पोरांना यंत्राला हात लावता येतो, पण हाताला काय कळतंय ते कळत नाही. म्हणून दर गुरुवारी सकाळी आई त्यांचा तास घेते. इथलं बोलणं तिथे पोचायला सव्वा सेकंद लागतो, परत यायला तेवढाच. आई टेबलावर गज ठेवते, त्याच्यावर बोल्टने बसवलेली तीन पाती एकेक करून ठोकते, ती थरथर तिकडे पोरांच्या हाताखालच्या पत्र्यात उमटते, आणि आई विचारते, यातलं ढिलं कोणतं? अडीच सेकंद शांतता. गेल्या गुरुवारी तिकडून उत्तर आलं, तिसरं.

चुकलं. दुसरं होतं. मी दारात उभी होते, टेबलाला हात न लावता, पण मला पायांखालच्या जमिनीतून कळलं.