बरणीखालची बनी

गुळाच्या डब्यावर धाड घालायची हा बेत अनुपमाचा. रविकांत तिच्याहून वर्षाने मोठा, पण असल्या कामात तो मुकाट्याने स्टूल धरून उभा राही. आई अंगणात गाद्यांना ऊन दाखवत होती, बाबा, म्हणजे मोरोपंत वकील, कोर्टात गेले होते. दाराशी पहाऱ्याला वच्छला होती. ती भाजीवाल्या माणिकबाईंची मुलगी आणि अनुपमाची वर्गमैत्रीण. गुळात तिचा वाटा ठरलेला होता.

अनुपमाने डब्याशेजारची लोणच्याची बरणी सरकवली आणि तिचा हात तसाच थांबला. वर्षभर बरणी पाझरून खालच्या कागदावर तेलाचा हा मोठा डाग पडला होता. त्या डागातून दोन वेण्यांची एक मुलगी तिच्याकडे बघत होती.

"रवी, कागदाच्या पलीकडे कोणीतरी आहे."

"असू दे. आधी गूळ दे."

तिने कागदच ओढून काढला. वरच्या बाजूला बाबांच्या कुठल्याशा खटल्याची नक्कल होती, वादी आणि प्रतिवादी. उलटून पाहिलं तर चौकटी आखून काढलेली चित्रं! मूर्तिजापूरची छोटी गाडी, खिडकीत ती मुलगी, आणि गाडी इतकी हळू चाललेली की तिचा भाऊ खाली उतरून बोरं वेचतोय. चित्राखाली लिहिलं होतं, 'बनी ओरडली, दादा, एवढ्यात चढू नकोस, अजून चार तोड!'

ते गोल अक्षर दोघांनाही पाठ होतं. ते कुंदाआत्याचं होतं.

कुंदाआत्या ही बाबांची धाकटी बहीण, मूर्तिजापूरला शाळेत शिकवायची. गेल्या दिवाळीत तिने मुलांसाठी चित्रांतून रचलेली एक सबंध गोष्ट आणली होती. अकोल्याच्या एका ओळखीच्या छापखानेवाल्याला दाखवायची म्हणून तिने तो गठ्ठा बाबांकडे दिला, आणि तो हरवला. बाबा म्हणाले, सापडेल गं, जातोय कुठे! पण त्यानंतर आत्याने चित्र म्हणून काढलं नाही. दरवर्षी आकाशकंदील ती रंगवायची. यंदा तिने सांगितलं होतं, बाजारातून आणा. मुलांना ते फार लागलं होतं.

आता सगळा उलगडा झाला. चित्रांचा कागद महाग, म्हणून आत्या बाबांच्या जुन्या खटल्यांचे पाठकोरे कागद न्यायची. गेल्या दिवाळीत आई धाकट्या भावाच्या वेळी बाळंतपणाला माहेरी, अकोल्याला होती आणि घरातल्या सगळ्या फळ्यांवर कागद बाबांनी घातले होते. त्याची बढाई ते वर्षभर मारत होते. गठ्ठा पालथा पडला असणार, वर खटले दिसले, मग उलटून कोण बघतो?

"मंग बाकीचे कागदं कुठी हायेत?" वच्छलाने विचारलं.

रविकांतचा चेहराच उतरला. माजघरातलं कपाट आईने सकाळीच आवरलं होतं आणि जुने कागद न्हाणीघरात बंबापाशी टाकले होते. तिघं धावली. ढिगातले कागद शाबूत होते, पण एक पान बंबात गेलं होतं. त्याचा काळा कोपरा तेवढा हाती लागला.

उरलेल्या सगळ्या फळ्या आम्ही आवरतो, असं मुलांनी सांगितल्यावर आईने रविकांतच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. बाबांना मात्र काही सांगायचं नाही असं ठरलं. "ते वकील आहेत," अनुपमा म्हणाली, "मीच जपून ठेवले होते, असं सिद्ध करतील."

संध्याकाळी गच्चीवर पानं ओळीने मांडली. गोष्ट लागत गेली. मधली एक जागा जळलेल्या पानाची होती, पण पहिलंच पानही नव्हतं. आता एकच जागा उरली होती, बाबांचं कायद्याच्या पुस्तकांचं कपाट. त्याला हात लावायची घरात कोणाची छाती नव्हती आणि बाबा तर खाली त्याच्यासमोरच बसलेले.

वच्छला सरळ आत गेली. "वकीलसाहेब, मायनं इचारलं, शेजाऱ्याची बकरी रोज आमची मेथी खाऊन राहिली. तं दावा बकरीवर करा लागते का मालकावर?"

कायदा समजावून सांगायची संधी बाबा कधी सोडत नसत. ते उठून तिला ओसरीवर घेऊन गेले. इकडे दोघांनी पुस्तकं उचलली, कागद ओढला, आणि एक जाडजूड ग्रंथ धाडकन खाली पडला. बाबा दारात उभे राहिले. कपाटाला हात लावायला कोणी सांगितलं, असं त्यांनी करड्या आवाजात विचारलं.

अनुपमाने नुसता कागद उलटा करून त्यांच्यासमोर धरला. स्टेशनावर एक मुलगा लहान बहिणीला खांद्यावर बसवून इंजिन दाखवत होता. खाली लिहिलं होतं, 'मला खांद्यावर बसवून पहिली आगगाडी दाखवणाऱ्या मोरूदादाला.'

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे मी घातले?"

"हो बाबा," रविकांत म्हणाला. "अगदी कोपरे जुळवून."

बाबांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

भाऊबीजेला आत्या आली. आपल्या भावाला ओवाळून वच्छलाही येऊन बसली. आत्याने बाबांना ओवाळलं, तेव्हा त्यांनी पाटामागून लाल फितीत बांधलेला गठ्ठा काढून तबकात ठेवला. आत्या एकेक पान उलटत गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"एक पान जळलं, कुंदे," बाबा म्हणाले. "चूक माझी आहे." ते असं म्हणाल्याचं घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं.

आत्याने एक पान नाकाशी नेलं. "माझ्या बनीला लोणच्याचा वास येतोय," ती म्हणाली, आणि रडता रडता हसायलाच लागली. मग तिने तिन्ही मुलांना जवळ ओढलं. असा तपास आपल्या सबंध वकिलीत पाहिला नाही, असं बाबांनी कबूल केलं. आईने बरणीकडे हात का गेला होता ते बरोबर ओळखलं, आणि गुळाचा डबाच मुलांच्या हाती दिला.

बाबांनी आणखी एक कागद पुढे केला, जाड, पांढराशुभ्र. "जळलेल्या पानासाठी. दोन्ही बाजूंनी कोरा आहे, मी स्वतः उलटून पाहिला."

आत्याने कागद हातात घेतला. त्या पानावर काय होतं ते आता नीट आठवत नाही, असं ती म्हणाली. मग तिने वच्छलाकडे वळून विचारलं, "तूच सांग. बनीची गाडी मधेच का थांबली असेल?"

वच्छलाने गुळाचा खडा गालात सरकवला. "बकरी आली असन रुळावर."

आत्याने रविकांतकडून टाक मागून घेतला आणि आधी बकरीची शिंगं काढली.