हेमालीची हरकत

आगरदांड्याहून सुटलेली फेरीबोट खाडीच्या मध्यावर आली आणि हेमालीच्या पायाला एकदम गार पाणी लागलं. शेजारच्या टेम्पोतून धार लागली होती... थेट तिच्या नव्या चपलांवर.

"अहो, तुमचा माल गळतोय."

टेम्पोला टेकलेला तरुण हसला. "बर्फ हाय, मॅडम. गळायचाच."

"निघताना किती होता नि पोचला किती, ते लिहून ठेवता का?"

"आजवर कुणी विचारलं न्हाय..." त्याने तिला नीट बघून घेतलं. "तुम्ही कोण?"

"सीए. मुरूडला ऑफिस उघडलंय. खुर्च्यांचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलं नाही."

दिघीचा धक्का येईपर्यंत तिला कळलं, की त्याचं नाव धनेश, होड्यांना बर्फ पुरवणारा आगरदांड्याचा कारखाना त्याचाच, आणि त्याला ऑडिटसाठी माणूस हवाय.

हेमाली पेणकडच्या मिठागरवाल्यांची लेक. मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये उमेदवारी केली, सीएच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली आणि तिथली नोकरी नाकारून सरळ किनाऱ्यावर आली. मासेवाल्यांच्या गावात सीए काय करणार, असं लोकांनी विचारलं. "मासेवाल्यांचं काम," ती म्हणाली, आणि पाटी लावून मोकळी झाली.

मार्चअखेरीला ती कारखान्यात शिल्लक माल मोजायला गेली. बर्फाच्या खोलीत तिचे दात वाजायला लागले, तेव्हा धनेशने न बोलता आपलं जाकीट तिच्या खांद्यावर टाकलं. जाकिटाला खाऱ्या वाऱ्याचा वास होता.

"माझ्याकडे नको, लाद्यांकडे बघा," ती मान वर न करता म्हणाली.

"लाद्या रोजच बघतो की."

तिची मोजणी चुकली. पहिल्यापासून परत मोजावं लागलं.

मग तो मुरूडला यायला लागला. बाकीचे लोक महिन्याची बिलं पिशवीत कोंबून आणायचे. हा एकेक आणायचा. उन्हाळाभर. त्या खेपांमध्येच कधीतरी दोघं अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आली.

"सगळी एकदम आणायची असतात रे."

"एकदम आणली तर परवा काय आणू?"

ती कॉम्प्युटरकडे तोंड करून हसायची. तो गेला की टेबलावर चहाचा रिकामा पेला राहायचा, आणि तो उचलायला तिला उगाचच उशीर व्हायचा...

नारळी पौर्णिमा झाली. होड्या समुद्रात गेल्या, कारखाना धडधडायला लागला. सप्टेंबरात त्याच्या ऑडिटवर तिची सही व्हायची होती – नव्या ऑफिसचं पहिलं मोठं काम. आणि एका रिमझिमत्या दुपारी अलिबागहून बाळाजी सरांचा फोन आला. तिथले जुनेजाणते सीए.

"धनेशभाऊ ऑडिट मला देतो म्हणतायत. पण आधीच्या सीएला विचारल्याशिवाय मी काम घेत नाही, आपल्यात तशी रीत आहे. तुमची काही हरकत?"

"थोड्या वेळात कळवते, सर."

ऑफिसला कुलूप लावून तिने स्कूटर काढली. धनेशने काम काढून घेतलं म्हणजे हिचंच काहीतरी चुकलं असणार – सगळं बंदर हेच म्हणणार होतं. पण त्याहून जास्त बोचत होतं ते वेगळंच. त्याने? त्याने असं करावं?

तो कारखान्याच्या दारातच टेम्पोत लाद्या भरून घेत होता.

"माझं काय चुकलं?"

"कुठं काय..."

"बाळाजी सरांचा फोन आला होता."

त्याचे हात थांबले. "मी त्यांना विचारलं... नवऱ्याच्या धंद्याचं ऑडिट बायकोला चालतं का. चालत न्हाय म्हणाले."

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"कोणाचा नवरा?"

"तेच विचारायचं होतं तुला. म्हटलं, आधी ऑडिट मोकळं करावं. उद्या तुझ्या सहीवर कुणी बोट दाखवायला नको."

हेमालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण राग आधी आला होता, म्हणून तोच तिने आधी बोलून दाखवला.

"नियम बरोबर आहे. पण माझं काम हलवायच्या आधी मला विचारायचं, हा त्याच्याही आधीचा नियम. बंदरावर माझं नाव काय होईल, याचा विचार केलास?"

धनेशचा चेहरा उतरला. "डोक्यातच आलं न्हाय गं... आत्ता सरांना फोन करतो, सांगतो की—"

"थांब. माझं काम आहे, फोन मीच करणार."

हे ऑडिट ठेवायचं तर हा माणूस नाही. हा माणूस हवा तर हे ऑडिट नाही. ऑडिटं काय, अख्खा किनारा पडला होता. ती आणखी मिळवेल. तिने फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सर, हेमाली बोलतेय. माझी हरकत नाही."

"बरं. काम सोडण्याचं कारण?"

"मी त्या घरात लग्न करून जातेय. बंदरावर कुणी विचारलं तर हेच सांगा."

पलीकडे सर हसले. "अरे वा. कधी ठरलं?"

हेमालीने धनेशकडे पाहिलं.

"आत्ताच, सर."

धनेश मटकन मागच्या लादीवर बसला, आणि आपण बर्फावर बसलोय हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.