थंडाव्याचा चमचा

सून गुप्तहेराकडे आली ती बाळाला खांद्यावर टाकूनच. कित्येक रात्रींची झोप तिच्या डोळ्यांत अडकून पडली होती.

"सासूबाईंच्या गोळ्या मी मुद्दाम बदलते, असा घरात सगळ्यांचा संशय आहे," ती त्याला म्हणाली. "रविवारी मला माहेरी पोचवणार. बाळ मात्र इथंच ठेवणार म्हणे."

सासूबाईंना रोज सकाळी थायरॉइडची गोळी असे. आधी ती सासरे देत. बाळंतपणाहून परतल्यावर सुनेने ते काम अंगावर घेतलं, आणि तेव्हापासून सासूबाई सुजत, मंदावत चालल्या. डॉक्टरांनी डोस वाढवूनही रिपोर्ट बिघडतच होता.

घरगुती भांडणांना गुप्तहेर विटला होता. पण बाळाने त्याचं बोट धरलं होतं, ते सोडेना. आपल्या बहिणीच्या नवऱ्याला, भाऊजींना, घेऊन तो सुनेच्या घरी निघाला.

सासूबाईंच्या मुलाने गोळ्या आता कुलपात ठेवल्या होत्या. तपासून घेतल्या तर अस्सल निघाल्या, हे त्याने खाली मान घालून कबूल केलं.

सासूबाई म्हणाल्या, रोजची गोळी आपण रिकाम्या पोटी गिळतो, दुसरं एकही औषध घेत नाही. त्यांच्या वरच्या ओठावर पांढरी रेघ वाळली होती.

"दूध घेतलंत वाटतं?" गुप्तहेराने विचारलं.

"दूध मला पचत नाही."

सासरे स्वयंपाकघरात पुसलेलाच ओटा पुसत होते. जळजळतंय म्हणून भाऊजींनी छाती चोळताच सासऱ्यांचा चेहरा उजळला. त्यांनी फ्रिजच्या दारातली बाटली हलवून पांढरं सिरप चमच्यात ओतलं. भाऊजी बिचकले.

"औषध नाही हो, थंडावा आहे. आमच्या हिलाही बरं वाटतं."

भाऊजींनी चमचा चाटूनपुसून परत दिला.

गुप्तहेराने सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं.

"गोळी अस्सल आहे आणि ती पोटात जाते. तरी गुण नाही. कारण पाठोपाठ आणखी काहीतरी जातं. दूध चालत नाही, तरी ओठावर पांढरं आहे. बाबा, हा थंडावा कधी देता?"

"गोळीमागोमाग. जळजळतं ना तिला."

"ते ॲसिडिटीचं औषधच आहे. ते थायरॉइडची गोळी पोटातच अडकवून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. दोन्हींत निदान चार तास हवेत. आणि डोस वाढवलेला आहे, तेव्हा आजच डॉक्टरांना सांगा."

"म्हणजे मीच?" सासऱ्यांनी विचारलं. "गोळी द्यायचं काम गेलं. सकाळी काय करायचं सुचेना, म्हणून..."

मुलाने कुलपाची किल्ली बायकोपुढे ठेवली. तिने ती उचलून सासऱ्यांच्या हातात दिली.

"गोळी तुम्हीच देत जा, बाबा. चमचा कधी द्यायचा ते डॉक्टर सांगतील."

सासूबाईंनी बाळासाठी हात पुढे केले. सुनेने बाळाला आणखी जवळ घेतलं.

"आज नको, आई. आज मला झोपायचंय. बाळ माझ्याजवळच झोपेल."

तिने आत जाऊन दार लोटून घेतलं.