खाली राहिलेल्या सासूबाई

होड्या बांधणाऱ्यांचं ते घर दलदलीच्या कडेला होतं, आणि दर पिढीला त्याचा एक मजला चिखलात जायचा. गावात याचं कुणाला नवल नव्हतं. सगळीच घरं खचायची; कुणाचं हळू, कुणाचं भराभर. पाणी खिडकीला लागलं की माणसं वर नवा मजला चढवायची, सामान हलवायची आणि खालच्या मजल्याचं तोंड फळ्यांनी बंद करायची. फळ्यांच्या सांध्यांत होडीच्या बुडाला भरतात तसं सूत कोंबायचं, वरून गरम डांबर ओतायचं. मग त्या मजल्याबद्दल बोलायचं नाही. अगदीच वेळ आली तर ‘खाली’ एवढंच म्हणायचं.

धाकट्या पिढीत सून एकच. ती डोंगराकडच्या गावातून आलेली. पहिल्या दिवशी डुगडुगत्या जमिनीवर तिला भिंत धरल्याशिवाय चालता येईना, ते बघून सासूबाईंनी तिचं नाव ‘कोरडी’ ठेवलं. तेच मग सगळ्यांच्या तोंडी बसलं. सासूबाईंची जीभ म्हणजे रंधा. समोर येईल त्याची साल निघायची.

“कोरडे, भाजीत मीठ घातलंयस की मिठात भाजी?”

“कोरडे, कंदील पुसलास, का नुसतं फडकं दाखवलंस त्याला?”

पहिलं वर्षभर कोरडी मोरीत जाऊन रडायची. पण घर करकरायला लागलं की त्याच सासूबाई तिच्या उशाशी येऊन बसायच्या, आणि कुठला आवाज खांबाचा, कुठला तुळईचा, कुठला नुसता पाण्याचा, हे तिला ओळखायला शिकवायच्या. बाळंतपणात तर त्यांनी तिला पलंगावरून पाय खाली ठेवू दिला नाही. तोंडानं मात्र चालूच, “डोंगरातली माणसं, यांना साधं झोपताही येत नाही.”

नातू सहा वर्षांचा झाला आणि पाणी खिडकीला लागलं. वरचा मजला तयार झाला, भांडी गेली, पलंग गेले. सासूबाई तेवढ्या हलेनात. आपल्या खोलीत बसून त्या जमिनीकडे तोंड करून काहीबाही बोलत राहायच्या.

“कुणाशी बोलताय?” कोरडीनं विचारलं.

“माझ्या सासूशी.”

“त्या तर मी यायच्या आधीच गेल्या ना?”

“म्हणतात खरं तसं,” सासूबाई म्हणाल्या. “आम्ही खालून वर आलो त्या दिवशी नुसती पळापळ होती. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं तिला वर नेलं.” मग लगेच नेहमीच्या सुरात, “तू काय तोंड वासून उभी? दूध उतू जातंय तिकडे.”

त्या दिवसापासून कोरडीनं एकच ध्यास घेतला, फळ्या पडायच्या आत सासूबाई वर आल्या पाहिजेत.

फळ्या ठोकायच्या दिवशी नवरा म्हणाला, “डांबर तापलंय. तुझंच ऐकते ती, तूच घेऊन ये.”

ती खाली उतरली. खिडक्यांबाहेर चिखल चढल्यानं खोलीत भरदुपारी अंधारलेलं होतं. मोरीत पाण्याचा आवाज येत होता. पाणी आत शिरायला लागलं की काय, म्हणून तिची आणखी घाई झाली. पलंगावर म्हातारी भिंतीकडे तोंड करून निजली होती.

“चला, पुरे झाली नाटकं,” असं म्हणून कोरडीनं तिला पाठुंगळी घेतलं. ओझं अगदीच हलकं होतं. मानेवर येणारा श्वास गार होता. उलट उत्तर काही आलं नाही. रुसल्या असतील, असं तिला वाटलं.

त्या घरात सून म्हणून आलेल्या बायका म्हातारपणी एकमेकींसारख्या दिसायला लागायच्या. गावात याच्यावरून थट्टा चालायची. कोरडीही हसायची.

वर आलेल्या सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. वाढलेलं मुकाट जेवायच्या. “छान झालंय हो,” म्हणायच्या. नवरा खूश. “बघ, हवापालट मानवला आईला,” तो म्हणाला. शेजारीणसुद्धा म्हणाली, “सुटलीस बाई!” फक्त नातू आजीजवळ जाईना. विचारलं तर म्हणाला, “तिचे पाय वाळतच नाहीत.”

कोरडीनं पाहिलं. खुर्चीखाली ओल होती. पुसली तरी पुन्हा यायची.

एकदा तिनं मुद्दाम भाजीत मूठभर मीठ टाकलं आणि पान वाढून समोर बसली. म्हातारीनं घास खाल्ला.

“छान झालंय हो,” ती म्हणाली. मग दरवाजाकडे पाहत तिनं विचारलं, “माझी सून कुठं आहे गं? ती नाही का आली वर?”

“मी आहे ना, सासूबाई.”

“तू नव्हे. तू तिची सून.”

कोरडी उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. तिला मोरीतलं पाणी आठवलं. मोरीत कुणीतरी तोंड धूत होतं. ती हाक मारून थांबली असती तर ते माणूस पदराला हात पुसत बाहेर आलं असतं, आणि पहिलं वाक्य ऐकवलं असतं.

त्याच वेळी पायाखालून, फळ्यांच्या आड, खणखणीत आवाज आला.

“एवढं मीठ? कोरडे, दलदल आटवायची आहे का?”

तिनं नवऱ्याला हाताला धरून आणलं. तो ऐकत उभा राहिला, त्याचा चेहरा उतरला, पण तो म्हणाला, “खांब असेल.”

“मला खांबाचा आवाज कळतो. आईंनीच शिकवलाय. फळी काढा.”

“फळी काढली तर चिखल वर येईल. घर जाईल, पोर जाईल.” मग खुर्चीकडे न पाहता तो म्हणाला, “आई इथं बसलीय ना?” आणि होड्यांच्या कामावर निघून गेला.

कोरडीनं त्याचीच पटाशी घेतली. मुलगा शेजारी येऊन बसला. त्याला तिनं दाराबाहेर जायला सांगितलं, तो गेला नाही. तिनं डांबर खरवडलं, सूत उपसलं, फळी उचकटली.

चिखल आला नाही.

खाली खोली कोरडी होती. पलंगावर चादर नीट घातलेली होती.

“सासूबाई!” ती पालथी पडून ओरडली. “हात द्या. मी चुकून दुसऱ्याच कुणाला आणलं.”

“माहीत आहे,” सासूबाईंचा आवाज आला, पण खोलीतून नाही, तिच्याही खालून. आवाजात धार नव्हती. “मला काय बोलावतेस, बाळ? आधी वर बघ. तुला बोलावतायत.”

त्यांनी तिला बाळ कधीच म्हटलं नव्हतं.

ती उठून बसली.

“सासूबाई,” वरून कुणी तरुण बाई म्हणाली. आवाज ओळखीचा नव्हता. दमलेला होता, काळजीचा होता. “चला ना आता वर. सगळे खोळंबलेत.”

वर छप्पर होतं. छपरावर आभाळ.

“ओ दे,” खुर्चीतली म्हातारी पहिल्यांदाच घाईनं म्हणाली. “लवकर ओ दे गं. मला वेळेवर सुचलं नव्हतं.”

कोरडीनं तोंड उघडलं. आवाज फुटेना.

वर, जिथं अजून मजलाच नव्हता, तिथं करवत चालायला लागली. शेजारी बसलेल्या मुलाच्या केसांवर ताज्या लाकडाचा भुसा पडत होता, आणि तो मान वर करून, त्या बाईची ओळख पटल्यासारखा हसत होता.